संदर्भसूचीतील गाव

प्रबंधाच्या शेवटी असणाऱ्या संदर्भसूचीकडे लेखक सर्वांत शेवटी पाहतो आणि परीक्षक पुष्कळदा सर्वांत आधी. परंतु तिचा खरा वाचक या दोघांहून निराळा असतो. वीस-पंचवीस वर्षांनी त्याच वाटेने जाऊ इच्छिणारा कोणी अभ्यासक ती सूची उघडतो आणि तिच्या आधाराने ग्रंथालयांचे उंबरे झिजवतो. प्रस्तुत लेखकावर अशी वेळ काही वर्षांपूर्वी आली. महाराष्ट्राबाहेर छापल्या गेलेल्या मराठी पुस्तकांची एक लहानशी यादी करावी असे मनात होते, आणि त्यासाठी निरनिराळ्या ठिकाणच्या मराठी प्रबंधांच्या संदर्भसूच्या चाळणे हा सोपा मार्ग वाटला. जुन्या टंकलिखित प्रबंधांनी निराश केले नाही. इंदूर, बडोदे, हैदराबाद, मडगाव, बेळगाव अशी गावे त्यांत पानोपानी भेटत होती. अलीकडचे प्रबंध दिसावयास कितीतरी सुबक; त्यांच्या सूच्यांत लेखक होता, वर्ष होते, ग्रंथनाम होते, प्रकाशकही होता; गाव मात्र कोठेच नव्हते.

त्यांपैकी एका प्रबंधकारास भेटून विचारले, तेव्हा तो सरळपणे म्हणाला, "सर, त्या शैलीत गाव येतच नाही. म्हणून मी ते टिपूनच घेतले नाही."

त्याच्या म्हणण्याचा पूर्वार्ध अगदी खरा होता. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या शैलीची सातवी आवृत्ती २०१९ साली निघाली. तिने पुस्तकाच्या नोंदीतून प्रकाशनस्थळ काढून टाकले. मॉडर्न लँग्वेज असोसिएशनने २०१६ च्या आठव्या आवृत्तीपासून काही अपवाद वगळता तेच केले आणि २०२१ च्या नवव्या आवृत्तीत ते कायम ठेवले. शिकागोच्या सुप्रसिद्ध नियमपुस्तकानेही २०२४ च्या अठराव्या आवृत्तीत विसाव्या शतकापासूनच्या पुस्तकांसाठी स्थळाची अट सोडली. त्यांच्या दृष्टीने हे सयुक्तिकही आहे. तिकडचा मोठा प्रकाशक एकाच वेळी चार शहरांतून व्यवहार करतो. त्याचे नाव पुरेसे असते, गाव निरर्थक ठरते.

आपली स्थिती नेमकी उलट आहे. गोव्यात राचोल येथे १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' रोमन लिपीत छापले गेले. विल्यम कॅरी यांचे मराठीचे व्याकरण १८०५ साली बंगालमधील श्रीरामपूर येथे छापले गेले. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने निघालेल्या सयाजी साहित्यमालेचे गाव बडोदे. मराठी मुद्रणाच्या इतिहासात गाव हा तपशील नव्हे, तो पुरावा आहे. प्रकाशक म्हणून पुष्कळदा लेखकाचे स्वतःचेच नाव असते. मग पुस्तक कोठले हे सांगणारा गाव हा एकच शब्द उरतो. तो गाळला, की महाराष्ट्राबाहेरच्या मराठी समाजाने काय छापले हे सांगणारा मुख्य दुवाच तुटतो.

या ठिकाणी परदेशी शैलीस दोष देऊन थांबणे सोपे आहे. पण ते न्याय्य होणार नाही. शैलीने गाव छापले नाही एवढेच. टिपून घेऊ नका असे तिने कोणासही सांगितले नव्हते. शिवाय, शैली ही काही शिळेवरची रेघ नव्हे. आज प्रबंधाची अक्षरजुळणी ज्या साधनांनी होते त्यांत ती आपल्या गरजेप्रमाणे घडवता येते. ते कसे, याचे दिग्दर्शन मार्गदर्शक अध्यापकांसाठी येथे करावयाचे आहे.

नोंद आणि तिचा वेष

प्रथम एक भेद ध्यानात घ्यावा. पुस्तकाविषयीची माहिती ही एक गोष्ट. ती कोणत्या क्रमाने, कोणत्या चिन्हांनी व कोणत्या अक्षरांत छापावी ही दुसरी. पहिलीस आपण नोंद म्हणू, दुसरीस वेष. हाताने लिहिलेल्या सूचीत या दोहोंची गाठ पक्की बसलेली असते. 'शिरूरकर, विभावरी. कळ्यांचे निःश्वास. १९३३.' असे एकदा टंकित केले, की नाव आधी व आडनाव नंतर हवे असे कोणी म्हणताच शेकडो ओळी हाताने उलटवाव्या लागतात. त्या उलथापालथीत एखादे वर्ष गळते, एखादा पृष्ठांक शेजारच्या ओळीत जातो, आणि प्रबंध सादर करण्याच्या आदल्या रात्री ते कोणाच्याच लक्षात येत नाही.

संगणकीय पद्धतीत ही गाठ सोडवली आहे. डोनाल्ड क्नुथ यांनी १९७८ साली 'टेक' नावाची अक्षरजुळणीची व्यवस्था निर्माण केली. तिच्यावर लेस्ली लँपोर्ट यांनी १९८० नंतरच्या दशकात 'लाटेक' रचले, आणि ओरेन पटाश्निक यांनी १९८५ च्या सुमारास संदर्भांसाठी 'बिबटेक' दिले. यात नोंदी एका स्वतंत्र धारिकेत राहतात. प्रत्येक नोंदीस एक खूण असते. मजकुरात लेखक केवळ ती खूण लिहितो. छापताना संगणक नोंद शोधून ठरलेल्या वेषात तिला उभी करतो.

बिबटेकचे दोन दोष मात्र आपणांस बाधक होते. एक, त्यातील शैली एका चमत्कारिक, उलट्या क्रमाने लिहावयाच्या भाषेत होती. तिच्यात हात घालण्याचे धाडस थोडेच करीत. दुसरा, त्यास रोमन लिपीपलीकडची अक्षरे अक्षरे म्हणून ओळखता येत नसत. देवनागरी नावांची वर्णानुक्रमे मांडणी ही त्याच्या आवाक्याबाहेरची गोष्ट होती. फिलिप लेहमन यांचे 'बिबलाटेक' २००६ पासून आणि त्याच्या जोडीचे 'बायबर' त्यानंतर आले, तेव्हा हे दोन्ही दोष दूर झाले. बायबर युनिकोड जाणते. बिबलाटेकमध्ये शैली बदलण्यासाठी नेहमीच्या लाटेक-आज्ञाच वापरता येतात. त्याआधी, २००४ साली, जॉनथन क्यू यांच्या 'झीटेक'मुळे देवनागरी मजकूर थेट टंकित करून जुळवण्याची सोय झालेलीच होती. ज्यांचा प्रबंध वर्डसारख्या नेहमीच्या साधनात तयार होतो त्यांच्यासाठी २००६ साली निघालेले 'झोटेरो' आहे. त्याच्या शैली 'सायटेशन स्टाइल लँग्वेज' या निराळ्या भाषेत लिहिलेल्या असतात. साधन कोणतेही घ्या, तत्त्व एकच: नोंद पूर्ण ठेवावी, वेष बदलता ठेवावा.

यावरून प्रबंधकारास घालून द्यावयाचा पहिला नियम निघतो. आज कोणती शैली आपल्यावर सोपवली आहे हे न पाहता, पुस्तक हाती असतानाच त्याच्या मुखपृष्ठावरील आणि आतील पानावरील सर्व माहिती नोंदीत उतरावी. शैली आज जे झाकते ते उद्या उघडता येते. जे नोंदलेच नाही ते मात्र कोणतीही शैली निर्माण करू शकत नाही.

गाव परत आणणे

बिबलाटेकमध्ये गावासाठी 'लोकेशन' नावाचा रकाना आहे. (अशी नावे संगणकात रोमन लिपीत लिहावयाची असतात, येथे केवळ उच्चार दिले आहेत.) त्याच्याबरोबर येणाऱ्या सर्वसाधारण शैली, उदाहरणार्थ लेखक-वर्ष पद्धतीची 'ऑथरइयर', हा रकाना आपण होऊन छापतात. म्हणून एखाद्या संस्थेच्या काटेकोर शैलीचे पुडके घेऊन त्यात गाव घुसडण्यापेक्षा, अशी सर्वसाधारण शैली पायाभूत धरून तीत इष्ट ते फेरफार करणे शहाणपणाचे. काटेकोर शैली एका नियमपुस्तकाशी एकनिष्ठ राहण्यासाठीच लिहिलेल्या असतात. त्यांत एक खिळा काढावा तर दुसरी फळी हलते. झोटेरोच्या पद्धतीत शैलीच्या धारिकेची प्रत करावी, तिला निराळे नाव द्यावे आणि जेथे प्रकाशकाचे नाव छापण्याची आज्ञा आहे तेथे प्रकाशनस्थळाची आज्ञा जोडावी.

गाव कसे लिहावे याविषयी एक सूचना. ते पुस्तकावर जसे छापले असेल तसेच लिहावे: बडोदे असेल तर बडोदे, नवे गोवे असेल तर नवे गोवे. वाचकास उमगणार नाही असे वाटल्यास पुढे चौकटी कंसात 'पणजी' असे आजचे नाव द्यावे.

काही ग्रंथांना दोन गावे असतात. वर सांगितलेले 'क्रिस्तपुराण' अभ्यासक बहुधा मंगळूर येथे १९०७ साली निघालेल्या, साल्दाना यांनी संपादिलेल्या प्रतीतून वाचतो. नोंदीत दोन्ही हवीत. बिबलाटेकमध्ये मूळ वर्ष, मूळ गाव व मूळ प्रकाशक यांसाठी 'ओरिजडेट', 'ओरिजलोकेशन' इत्यादी रकाने आहेत. परंतु तयार शैली ते सहसा छापीत नाहीत. नोंदीच्या अखेरीस 'प्रथम मुद्रण: राचोल, १६१६' अशी ओळ यावी यासाठी चार ओळींचा एक लहान नियम आपण लिहावा. तो एकदा लिहिला की सूचीतील प्रत्येक पुनर्मुद्रित ग्रंथास लागू होतो.

नावांचा प्रश्न

परदेशी शैली नावाचे दोन भाग धरते: कुलनाम आणि स्वनाम. मराठी नाव या साच्यात पुष्कळदा बसते, पण नेहमी नव्हे. ज्ञानेश्वर, नामदेव यांना आडनाव लावून उलटवणे हास्यास्पद होईल. अशी नावे नोंदीत महिरपी कंसात एकसंध लिहावी, म्हणजे संगणक त्यांचे तुकडे पाडीत नाही. 'केशवसुत', 'कुसुमाग्रज', 'बी', 'ग्रेस' या टोपणनावांसही तोच न्याय. पुस्तकावर टोपणनाव असेल तर सूचीत तेच यावे; मूळ नाव कंसात द्यावयाचे असल्यास त्यासाठी नावापुढील जोडनोंदीचा रकाना आहे, आणि तो छापावा की नाही हे आपल्या शैलीत ठरवता येते.

विभावरी शिरूरकर म्हणजे मालतीबाई बेडेकर, आणि विवाहापूर्वीच्या बाळूताई खरे. एकाच लेखिकेची पुस्तके तीन अक्षरांखाली विखुरली जाऊ नयेत असे वाटणे साहजिक आहे. परंतु पुस्तकावरचे नाव बदलून ती एकत्र करणे हा उपाय नव्हे. प्रत्येक नोंद छापील नावानेच ठेवावी आणि सूचीत 'बेडेकर, मालतीबाई: पाहा शिरूरकर, विभावरी' अशी दिशादर्शक ओळ घालावी. वेष बदलण्याचा अधिकार आपणांस आहे, साक्ष बदलण्याचा नाही.

लेखक-वर्ष पद्धतीत मजकुरात केवळ '(कुलकर्णी १९५८)' एवढेच येते. आपल्याकडे कुलकर्णी, जोशी, देशपांडे किती, हे सांगावयास नको. दोन भिन्न व्यक्तींची आडनावे सारखी असल्यास आद्याक्षरे वा पूर्ण नाव आपोआप जोडण्याची सोय बिबलाटेकमध्ये आहे. ती चालू आहे ना, हे पाहून घ्यावे. आद्याक्षरांबाबत मात्र सावध राहावे. 'श्रीपाद' याचे आद्याक्षर मराठीत 'श्री.' असे होते. संगणकाने ते 'श्' वर तोडले तर वाचणाऱ्यास ठेच लागते. बायबरच्या विस्तृत नामपद्धतीत आद्याक्षर स्वतंत्रपणे लिहून ठेवता येते. जोडाक्षराने आरंभ होणाऱ्या नावांसाठी ते अवश्य करावे.

गोव्याच्या अभ्यासकास पोर्तुगीज नावे भेटतात. जोआकिम एलिओदोरो दा कुन्हा रिवारा यांच्या नावातील 'दा' हा उपसर्ग आहे. त्यांची नोंद 'क' खाली शोधली जाते, 'द' खाली नव्हे. नावाच्या उपसर्गास स्वतंत्र जागा आहे आणि तो अनुक्रमात धरावा की धरू नये यासाठी एक पर्यायही आहे.

शके, संवत आणि फसली

जुन्या मराठी पुस्तकांवर इसवी सन असतोच असे नाही. शके १८०० म्हणजे १८७८ च्या चैत्रापासून १८७९ च्या फाल्गुनापर्यंतचा काळ. महिना ठाऊक नसेल तर '१८७८-७९' असेच लिहिणे प्रामाणिकपणाचे. विक्रम संवत असेल तर ५७ किंवा ५६ वजा करावे लागतात. आणि त्यातही उत्तरेकडे वर्ष चैत्रात पालटते, गुजरातेत कार्तिकात. तेव्हा ग्वाल्हेरचा संवत व बडोद्याचा संवत एकाच हिशेबाने बदलू नये. हैदराबाद संस्थानातील कागदांवर व पुस्तकांवर फसली साल आढळते. त्यात ५९० किंवा ५९१ मिळवावे, म्हणजे इसवी सन येतो.

संगणकाचा तारखेचा रकाना ठराविक रूपातील इसवी तारीखच मागतो. म्हणून येथे दोन रकाने वापरावे. 'इयर' या रकान्यात पुस्तकावर आहे ते, 'शके १८०० [१८७८-७९]', असे लिहावे. आणि 'सॉर्टइयर' या रकान्यात केवळ १८७८ हा आकडा द्यावा. पहिला रकाना वाचकासाठी छापला जातो. दुसरा छापला जात नाही, परंतु कालानुक्रम त्यावरून लागतो. हीच युक्ती ग्रंथनामालाही उपयोगी पडते. १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांपूर्वीच्या पुस्तकांची नावे जुन्या अनुस्वारांसह जशीच्या तशी लिहावी; अनुक्रम बिघडतो असे वाटल्यास अनुक्रमापुरते निराळे रूप 'सॉर्टटायटल' मध्ये द्यावे. आजच्या नियमांनी जुने ग्रंथनाम दुरुस्त करण्याचा मोह टाळावा. ग्रंथपालाच्या तालिकेत ते जुन्याच रूपात असण्याचा संभव अधिक.

शब्द, लिंग आणि ठसा

मराठी प्रबंधाच्या सूचीत मध्येच रोमन लिपीतील संक्षेप डोकावताना आपण सर्वांनी पाहिले आहेत. संपादक, अनुवादक, आवृत्ती, पृष्ठ यांसाठी लागणारे शब्द शैलीत नसतात. ते भाषेच्या स्वतंत्र धारिकेत असतात. बिबलाटेकमध्ये मराठीसाठी अशी धारिका आहे. तरी तिच्यातील प्रत्येक शब्द आपल्या विद्यापीठाच्या रूढीस जुळेलच असे नाही. 'संपा.' हवे की 'सं.', 'आणि इतर' हवे की 'व इतर', 'पृ.' की 'पृष्ठ', हे आपण ठरवावे आणि एका आज्ञेने ते शब्द बदलून घ्यावे. झोटेरोच्या शैलीतही धारिकेच्या आरंभी असे शब्द स्वतंत्रपणे देता येतात.

क्रमवाचकांत एक अडचण इंग्रजीस ठाऊक नसलेली आहे. आवृत्ती स्त्रीलिंगी, म्हणून 'दुसरी आवृत्ती'. खंड पुल्लिंगी, म्हणून 'दुसरा खंड'. सायटेशन स्टाइल लँग्वेजमध्ये शब्दाचे लिंग सांगण्याची सोय आहे. बिबलाटेकमध्ये आवृत्तीच्या क्रमवाचकाचा नियम वेगळा लिहिता येतो. नोंदीत केवळ २ हा आकडा ठेवावा व 'दुसरी' हे रूप नियमाने सिद्ध करावे.

नियतकालिकांचीही तीच गोष्ट. इंग्रजी शैली खंड व अंक '१२.३' अथवा '१२(३)' असे छापते. 'विविधज्ञानविस्तार' शोधणाऱ्या मराठी वाचकास 'वर्ष १२, अंक ३' असे लिहिलेले हवे. त्या दोन रकान्यांचा छापण्याचा नियम बदलला की काम झाले. दिवाळी अंकास अनुक्रमांक नसला तरी बिघडत नाही: परदेशी नियतकालिकांच्या 'वसंत', 'ग्रीष्म' अशा ऋतुवार अंकांसाठी 'इशू' नावाचा रकाना मुळात ठेवलेला आहे; त्यात 'दिवाळी' खुशाल लिहावे.

ग्रंथनाम तिरप्या ठशात छापावे असा परदेशी नियम आहे. देवनागरीच्या बहुतेक ठशांना तिरपे रूप नाही. अशा वेळी लाटेक गुपचूप सरळ ठसा वापरते; परिणामी ग्रंथनाम आणि बाकीचा मजकूर एकसारखे दिसतात, आणि इशारा केवळ कामाच्या टिपणात उमटतो. तो वाचण्याची सवय फार थोड्यांना असते. यास्तव ग्रंथनामास एकेरी अवतरण अथवा ठळक ठसा, लेखनामास दुहेरी अवतरण, असा स्पष्ट नियम करावा.

अकारविल्हे

सूचीचा अनुक्रम हा वाचकाशी केलेला करार असतो. युनिकोडमधील अक्षरांच्या क्रमांकांवरून मांडणी केली तर 'ळ' हा 'ल'च्या लगेच पुढे येतो, 'क्ष' हा 'क'मध्ये मिसळतो, आणि 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर म्हणून लिहिलेले असल्यास ॲरिस्टॉटल 'ह'च्याही पलीकडे जाऊन बसतो. बायबरला अनुक्रमाची भाषा मराठी आहे असे एका पर्यायाने सांगावे, म्हणजे ते मराठीचे संकेत वापरते. तरीही 'क्ष' व 'ज्ञ' शेवटी घ्यावे की 'क' व 'ज' खाली, याविषयी आपल्या कोशांतच एकवाक्यता नाही. तेव्हा जो संकेत स्वीकाराल तो सूचीच्या आरंभी एका ओळीत सांगावा. आणखी एक खबरदारी: 'ॲ' हे एका अक्षराने लिहिता येते, तसेच 'अ'वर चंद्र देऊनही. डोळ्यांना दोन्ही सारखी, संगणकास भिन्न. एकाच प्रबंधात एकच रीत पाळावी.

गोवा, सीमाभाग, हैदराबाद येथील अभ्यासकांच्या सूचीत पोर्तुगीज, कन्नड, तेलुगू, उर्दू, इंग्रजी ग्रंथ स्वाभाविकच येतात. ते सर्व एका ओळीत कोंबण्यापेक्षा भाषावार विभाग करावे. प्रत्येक नोंदीस भाषेची खूण व एक सूचक शब्द द्यावा. मग सूची त्या शब्दानुसार तुकड्यातुकड्यांनी छापता येते, आणि इंग्रजी नोंदीत इंग्रजी संक्षेप, मराठी नोंदीत मराठी, असा विवेक संगणक आपण होऊन पाळतो.

'तत्रैव'चा धोका

मराठी प्रबंधांत तळटिपांची परंपरा जुनी आहे आणि ती सोडण्याचे कारण नाही. परंतु हाताने लिहिलेला 'तत्रैव' हा फार अविश्वासू नोकर आहे. दोन टिपांच्या मध्ये मार्गदर्शकांच्या सूचनेवरून एक नवी टीप आली, की खालचा 'तत्रैव' नव्या ग्रंथाकडे बोट दाखवू लागतो. लेखकास ते कळत नाही, आणि वाचक भलत्याच पुस्तकाचे ४७ वे पृष्ठ उलटून हताश होतो. बिबलाटेकच्या काही तळटीप-शैली 'तत्रैव' कोठे यावा हे प्रत्येक छपाईच्या वेळी नव्याने ठरवतात. मध्ये टीप शिरली तर खाली आपोआप पुन्हा संक्षिप्त ग्रंथनाम येते. शैली यंत्राकडे सोपवण्याचा सर्वांत मोठा लाभ हाच.

कामाची रीत

वरील सर्व फेरफार मूळ शैलीच्या धारिकेत करू नयेत. साधनाची नवी आवृत्ती आली की ते पुसले जातात. ते एका स्वतंत्र धारिकेत, प्रत्येकामागे कारण लिहून ठेवावेत. प्रबंध जुळवताना प्रथम लाटेक, मग बायबर, मग पुन्हा दोनदा लाटेक असा क्रम असतो. नवी नोंद सूचीत दिसत नाही अशी तक्रार आली तर बहुधा मधली पायरी चुकलेली असते.

शैली घडवण्यापूर्वी दहा अवघड नोंदी निवडाव्या: एक संतकवी, एक टोपणनाव, एक शके असलेले पुस्तक, एक दिवाळी अंक, एक अनुवाद, एक पुनर्मुद्रण, एक पोर्तुगीज ग्रंथ, दोन कुलकर्णी, आणि राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेसारखी एक बहुखंडी कृती, जिचा पहिला खंड १८९८ साली निघाला व पुढचे कित्येक वर्षे निघत राहिले. या दहा नोंदी नीट छापल्या गेल्या तर उरलेल्या शेकडो सहसा दगा देत नाहीत. काम दुसऱ्या वर्षी करावे, शेवटच्या महिन्यात नव्हे.

विद्यापीठाने अमुक शैली नेमली असेल तर तिच्यापासून मनाने दूर जाऊ नये. मार्गदर्शकांची व विभागाची संमती आधी घ्यावी आणि प्रबंधाच्या आरंभी 'संदर्भपद्धतीविषयी' असे अर्ध्या पानाचे निवेदन द्यावे: मूळ शैली कोणती, प्रकाशनस्थळ का जोडले, शके कसे दाखवले, अनुक्रम कोणता. कारणे सांगून केलेला फेरफार परीक्षकास खटकत नाही. न सांगता केलेला मात्र चूकच समजला जातो.

ही खटपट प्रत्येक विद्यार्थ्याने एकट्याने का करावी, असा प्रश्न अध्यापकांच्या मनात येईल, आणि तो रास्त आहे. दाते यांनी १८०० पासूनच्या मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली तेव्हा त्यांच्या हाती असले कोणतेच साधन नव्हते. आज साधने विनामूल्य उपलब्ध आहेत. उणीव आहे ती आपसांतील निर्णयाची. महाराष्ट्राबाहेरच्या साहित्यसंस्थांनी व मराठी विभागांनी एकत्र बसून दहा-बारा पानांचा एक संकेतपट ठरवला, आणि त्याप्रमाणे एक लाटेकची व एक झोटेरोची अशा दोन धारिका करून विद्यार्थ्यांना दिल्या, तर हा प्रश्न एका वर्षात मिटण्यासारखा आहे.

तोवर निदान एवढे प्रत्येकास करता येईल. विद्यार्थी टिपणे घेऊन आला की प्रकरणे वाचण्यापूर्वी त्याच्या नोंदींच्या धारिकेवर एक नजर टाकावी आणि गावाचा रकाना रिकामा असेल तर त्यास पुन्हा ग्रंथालयात धाडावे. ज्या प्रबंधकाराचा उल्लेख आरंभी केला, त्याने पुढे तसेच केले. त्याच्या सूचीतील पुस्तकांपैकी काही पुन्हा हाती आली आणि त्यांची गावे मिळाली; काही आली नाहीत, आणि त्या नोंदींपुढे चौकटी कंसात 'स्थळ अज्ञात' असे लिहावे लागले. ती पुस्तके एकदा त्याच्या हातात होती.